दहा लाख सॅम्पलांची ने-आण

सॉफ्टवेअर रेडिओचं काम करणाऱ्यांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो: दहा लाख सॅम्पलांची एफएफटी, म्हणजे त्यांतल्या वारंवारता वेगळ्या काढणारा हिशेब, करायला तुमच्या मशीनला किती वेळ लागतो? उत्तर मिलिसेकंदांत येतं, मग कुणी प्रोसेसरचं नाव सांगतं, कुणी ग्राफिक्स कार्डाचं, आणि बोलणं गिगाफ्लॉपवर जाऊन थांबतं. हे काम रोज करताना माझी खात्री होत गेली आहे की या प्रश्नात मोजपट्टी भलत्याच ठिकाणी लावलेली असते. मोठ्या एफएफटीमध्ये आकडेमोड स्वस्त असते, ने-आण महाग पडते. अँटेनापासून पडद्यापर्यंत प्रत्येक सॅम्पल किती वेळा उचललं गेलं आणि किती वेळा खाली ठेवलं गेलं, यावर त्या यंत्रणेचा वेग ठरतो. बाजार समितीत मालाच्या किमतीपेक्षा हमालीच जास्त व्हावी, तसा हा मामला आहे. हे म्हणणं नुसतं सांगून पटण्यासारखं नाही, म्हणून हिशेब मांडतो.

एफएफटीच्या आकडेमोडीचा रूढ अंदाज सोपा आहे. सॅम्पलांची संख्या घ्यायची, तिला तिच्याच दोनच्या पायावरच्या लॉगॅरिदमने गुणायचं आणि वर पाचाने गुणायचं. १,०२४ सॅम्पलांना ५१,२०० क्रिया लागतात, म्हणजे सॅम्पलमागे ५०. आता दोनचा विसावा घात, म्हणजे १०,४८,५७६ सॅम्पलं घेतली तर क्रिया होतात सुमारे साडेदहा कोटी, सॅम्पलमागे १००. आकार हजारपटीहून मोठा झाला आणि सॅम्पलमागची मेहनत फक्त दुप्पट झाली. हॅकआरएफसारखा रेडिओ सेकंदाला २ कोटी सॅम्पलं देतो. त्यांची अखंड एफएफटी करायची तर सेकंदाला २०० कोटी क्रिया पुरतात, आणि आजच्या साध्या लॅपटॉपचा एक कोअरसुद्धा तेवढ्याने दमत नाही. आता दुसरी बाजू पाहा. प्रत्येक सॅम्पल ही एक संमिश्र संख्या, ३२ बिटांचे दोन दशांश आकडे, एकूण ८ बाइट. १,०२४ सॅम्पलं ८ किलोबाइटमध्ये बसतात, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी कुशीतल्या पहिल्या पातळीच्या कॅशमध्ये आरामात मावतात. दहा लाखांना ८ मेगाबाइट लागतात. रास्पबेरी पाय ४ वर पहिल्या पातळीची डेटा कॅश ३२ किलोबाइटची, चारही कोअरना मिळून दुसरी पातळी १ मेगाबाइटची, आणि तिसरी पातळी नाहीच. तिथे हा डेटा मुख्य मेमरीतच राहतो आणि प्रत्येक फेरीला तिथून उचलून आणावा लागतो.

फेऱ्या किती? पुस्तकात पहिल्यांदा शिकवतात ती दोन-दोनच्या जोड्यांची पद्धत जशीच्या तशी लिहिली, तर विसाव्या घातासाठी वीस फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत ८ मेगाबाइट वाचायचे आणि ८ मेगाबाइट लिहायचे. म्हणजे एका एफएफटीमागे सव्वातीनशे मेगाबाइटच्या वर वाहतूक. सेकंदाला २० गिगाबाइट खरोखर पोचवणारी मेमरी धरली, तरी नुसत्या वाहतुकीलाच सोळा-सतरा मिलिसेकंद जातात. तेवढीच आकडेमोड, डेटा हाताशी असता तर, चांगल्या कोअरने त्याच्या काही हिश्श्यात उरकली असती. हे उलटं गणित आपल्या लक्षात राहत नाही याला कारणही आहे. कूली आणि टुकी यांचा शोधनिबंध १९६५चा. त्या काळी गुणाकार महाग होता, म्हणून गुणाकारच मोजले गेले, आणि पाठ्यपुस्तकांनी तीच मोजदाद पुढे चालू ठेवली. (गाउसने हीच युक्ती १८०५च्या सुमारास लघुग्रहांच्या कक्षांसाठी हाताने वापरली होती. त्याच्या बाबतीत तर मेमरी म्हणजे समोरचा कागद, आणि तो सगळा एका नजरेत मावणारा.) यंत्रं बदलली. गुणाकार जवळजवळ फुकट झाला, पण मेमरीपर्यंतचा हेलपाटा तसा स्वस्त झाला नाही.

हेलपाटा नेमका कुठे लागतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. दहा लाख सॅम्पलं १,०२४ ओळी आणि १,०२४ रकाने अशा तक्त्यात मांडली आहेत असं समजा. मेमरीत एक ओळ संपली की तिला लागून पुढची. मोठी एफएफटी फोडण्याचा एक जुना आणि चांगला मार्ग असा: आधी प्रत्येक उभ्या रकान्याची छोटी एफएफटी करा, मग प्रत्येक आकड्याला ठरावीक कोनातून फिरवणाऱ्या गुणकाने गुणा, मग प्रत्येक आडव्या ओळीची छोटी एफएफटी करा. आता एक रकाना खाली खाली वाचत चला. एका सॅम्पलवरून त्याच्या खालच्या सॅम्पलवर जायला १,०२४ गुणिले ८, म्हणजे ८,१९२ बाइटची उडी मारावी लागते. कॅश मात्र एकेक सॅम्पल आणत नाही, ६४ बाइटची आख्खी पट्टी आणते. तीत आठ सॅम्पलं येतात, आपण त्यातलं एक वापरतो आणि पुढे जातो. उरलेल्या सातांचा उपयोग पुढच्या सात रकान्यांना होईल असं वाटतं, पण ती तोवर टिकत नाहीत. अनेक प्रोसेसरांतली ३२ किलोबाइटची कॅश प्रत्येकी आठ जागांच्या ६४ कप्प्यांत विभागलेली असते, आणि ज्या पत्त्यांमधलं अंतर ४,०९६च्या पटीत असतं ते सगळे एकाच कप्प्यात पडतात. ८,१९२ ही त्याचीच पट. म्हणजे एका रकान्यातली १,०२४ सॅम्पलं आठ जागांसाठी भांडतात, आणि बाकीचे ६३ कप्पे त्या वेळी त्यांच्या काहीच कामाचे नसतात. शिवाय ४ किलोबाइटच्या पानांनी मेमरी वाटलेली असल्यामुळे प्रत्येक उडी नव्या पानावर पडते. एका रकान्यात १,०२४ पानं, आणि पानांचे पत्ते लक्षात ठेवणाऱ्या पहिल्या तक्त्यात जागा असतात साधारण ६४. दोनचा घात हा एफएफटीला सर्वांत सोयीचा आकार असं आपण शिकलेलो असतो. आकडेमोडीच्या बाजूने ते खरंच आहे. कॅशच्या बाजूने मात्र तोच आकार सर्वांत जाचक ठरतो.

उपायही ने-आणीचाच आहे. एका वेळी एक रकाना घेण्याऐवजी शेजारचे आठ रकाने एकदम घ्यायचे, म्हणजे आणलेली प्रत्येक पट्टी पूर्ण वापरली जाते. ते एका लहानशा सलग जागेत उतरवून घ्यायचे, तिथे काम करायचं आणि परत ठेवायचे. पानं २ मेगाबाइटची मागितली तर दोन हजारांवर पानांऐवजी चार पुरतात. डेव्हिड बेली यांनी उतरंडीच्या मेमरीसाठी अशा एफएफटीची मांडणी १९९०च्या आसपास केली, आणि तिचं सार एवढंच की आठ मेगाबाइटवरून वीस फेऱ्या मारण्याऐवजी दोन-तीनच मोठ्या फेऱ्या माराव्यात आणि मधलं सगळं काम कॅशच्या आत उरकावं. आकडेमोड तेवढीच राहते, किंबहुना गुणकांमुळे थोडी वाढते. वेळ मात्र कित्येक पटींनी उतरतो. माझ्या म्हणण्याला यापेक्षा सरळ पुरावा नाही: कष्ट वाढवले आणि काम लवकर झालं, कारण वाहतूक घटली.

एफएफटीडब्ल्यू ही लायब्ररी याच अनुभवावर उभी आहे. मॅटिओ फ्रिगो आणि स्टीव्हन जॉन्सन यांनी ती एमआयटीमध्ये लिहिली, आणि १९९९मध्ये तिला संख्यात्मक सॉफ्टवेअरचं विल्किन्सन पारितोषिक मिळालं. तिची खरी कल्पना अशी की कुठली फोड सर्वांत जलद ते कागदावर ठरवायचंच नाही. त्या यंत्रावर वेगवेगळ्या फोडी चालवून पाहायच्या, घड्याळ लावायचं आणि जी जिंकेल ती योजना जपून ठेवायची. क्रिया मोजून वेग कळत असता तर या खटाटोपाची गरजच नव्हती. गंमत अशी की बरेच लोक ही लायब्ररी घेतात आणि योजना मात्र अंदाजपंचे ठरवणाऱ्या पर्यायावर सोडतात. लहान आकाराला तेवढ्याने फारसं बिघडत नाही. दहा लाखांना बिघडतं. मोजून योजना करायला एकदाच काही सेकंद, फार चिकित्सेचा पर्याय निवडला तर मिनिटंही जातील. ती फाइलीत साठवावी आणि पुढच्या वेळी वाचून घ्यावी. रेडिओ चालू झाल्यावर योजना करायला बसलं तर तोवर आलेली सॅम्पलं वाहून जातात.

आकार निवडण्यातही थोडं स्वातंत्र्य घ्यावं. आरटीएल-एसडीआर हा स्वस्त रेडिओ सहसा सेकंदाला २४ लाख सॅम्पलांवर चालवतात. दोनचा एकविसावा घात घेतला तर बिनची, म्हणजे निकालातल्या वारंवारतेच्या एका तुकड्याची, रुंदी १.१४ हर्ट्झ अशी अडनिडी येते. त्याऐवजी थेट २४,००,००० सॅम्पलांची एफएफटी घ्या. ही संख्या म्हणजे दोनचा आठवा घात, गुणिले तीन, गुणिले पाचाचा पाचवा घात. सगळे अवयव लहान, म्हणून एफएफटी चांगली फुटते. प्रत्येक बिन बरोबर १ हर्ट्झची होते आणि रकान्यांमधल्या उड्याही दोनच्या मोठ्या घातात अडकत नाहीत. दोनच्या घाताचा हट्ट मला अनेकदा निव्वळ सवयीचा वाटतो.

एवढं करून एफएफटी जलद झाली तरी तिच्या अलीकडे-पलीकडे काय चाललं आहे ते पाहिल्याशिवाय यंत्रणा जलद होत नाही. आरटीएल-एसडीआरमधून सॅम्पल येतं ते दोन बाइटचं, आय आणि क्यू हे संमिश्र संख्येचे दोन भाग प्रत्येकी ८ बिट. बहुतेक प्रोग्राम ते आल्या आल्या ८ बाइटच्या दशांश रूपात नेतात, म्हणजे माल दारातच चौपट फुगतो, आणि मग तो फुगलेला माल एका बफरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जातो. ग्नू रेडिओसारख्या ठोकळे जोडत जाण्याच्या पद्धतीत हे सहज घडतं, कारण प्रत्येक ठोकळा आपलं काम स्वच्छ करतो आणि निकाल पुढच्याच्या बफरमध्ये लिहितो. आकार १,०२४ असेपर्यंत हे सगळं कॅशच्या आत चालतं आणि कळतही नाही. दहा लाखांना प्रत्येक ठोकळा म्हणजे आठ मेगाबाइटचा जाऊन-येऊन प्रवास. मी सांगेन की सॅम्पलं शक्यतो बाइटमध्येच ठेवावीत, म्हणजे दहा लाख सॅम्पलं २ मेगाबाइटमध्ये बसतात. दशांशात रूपांतर आणि विंडोचा, म्हणजे दोन्ही कडांकडे सॅम्पलं हळूहळू उतरवणाऱ्या तक्त्याचा, गुणाकार एका हातासरशी, एफएफटीच्या इनपुटमध्ये भरताना करावा. विंडोचा तक्ताही काही कमी नाही, दहा लाखांचा तो ४ मेगाबाइटचा होतो. पण तो दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे अर्धाच साठवला तरी चालतो.

दुसऱ्या टोकाला पडदा असतो. तो १,९२० पिक्सेल रुंद असेल तर एका पिक्सेलमागे ५४६ बिन येतात. तरीही दहाच्या दहा लाख बिनांचा लॉगॅरिदम काढून, डेसिबल करून, मग त्यांची सरासरी घेणारे प्रोग्राम सर्रास दिसतात. आधी ५४६ बिनांमधली शक्ती एकत्र करावी आणि नंतर १,९२० लॉगॅरिदम काढावेत, लॉगॅरिदमचं काम शेकडो पटींनी हलकं होतं. हे फक्त वेगासाठी सांगत नाही. डेसिबलांची सरासरी आणि सरासरीचे डेसिबल एक नसतात. निव्वळ गोंगाटावर पहिली पद्धत पातळी सुमारे अडीच डेसिबलने खाली दाखवते. एकत्र करताना सरासरी घ्यायची की सर्वांत मोठं मूल्य, हाही खरा निर्णय आहे. सरासरीत एकाच बिनमध्ये असलेला बारीक सिग्नल बुडून जातो, आणि तो सापडावा म्हणून तर एवढी मोठी एफएफटी केलेली असते.

यावर पहिली हरकत असते ग्राफिक्स कार्डाची. तिथे मेमरीचा वेग सेकंदाला शेकडो गिगाबाइट असतो, मग ही सगळी काटकसर कशाला? हरकत अर्धी बरोबर आहे. कार्डाच्या आत दहा लाखांची एफएफटी एका मिलिसेकंदाच्या लहानशा हिश्श्यात होते. पण तिथेही तिचा वेग मेमरीच ठरवते, गुणाकार करणारे हजारो घटक बराच वेळ डेटाची वाट पाहत असतात. आणि माल कार्डापर्यंत पोचवावा लागतो. तिसऱ्या पिढीच्या सोळा पदरी पीसीआय एक्स्प्रेसवरून ८ मेगाबाइट जायला अर्धा मिलिसेकंद, तेवढाच परत यायला. एका रेडिओच्या एका एफएफटीसाठी हे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. कार्डाचा खरा फायदा मिळतो तो कच्चे बाइट पाठवून, विंडो, एफएफटी, शक्ती, सरासरी सगळं आतच करून फक्त शेवटची १,९२० मूल्यं परत आणल्यावर. म्हणजे पुन्हा ने-आण कमी केल्यावरच.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला असलेली रेडिओ दुर्बीण जीएमआरटी हे याचं सर्वांत मोठं उदाहरण मला वाटतं. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, मधल्या चौकात १४ आणि तीन बाहूंवर १६, सर्वांत लांबचं अंतर २५ किलोमीटर. २०१०च्या सुमारास तिथला खास चिपवरचा जुना कोरिलेटर, म्हणजे अँटेनांचे सिग्नल जोडीजोडीने ताडणारी यंत्रणा, बाजूला होऊन बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या समूहावर सॉफ्टवेअरने तेच काम ३३ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी प्रत्यक्ष वेळेत होऊ लागलं. सुधारित जीएमआरटीत हा पट्टा ४०० मेगाहर्ट्झचा झाला आणि एफपीजीए व ग्राफिक्स कार्डं मिळून तो सांभाळतात. प्रत्येक अँटेनाची दोन ध्रुवणं धरली तर ६० प्रवाह, प्रत्येकी सेकंदाला ८० कोटी सॅम्पलं. आठ बिटांनी धरलं तर सेकंदाला ४८ गिगाबाइट. आधी प्रत्येक प्रवाहाची एफएफटी, मग ४३५ जोड्यांचे गुणाकार. एफएफटी तिथे अवघड भाग नाही. डेटा येतो अँटेनांप्रमाणे, आणि जोड्यांच्या गुणाकाराला हवे असतात एकाच वेळेचे सर्व अँटेनांचे तुकडे. ती अदलाबदल नेटवर्कवरून, न थांबता करावी लागते. आठ मेगाबाइटच्या तक्त्यात ओळींचे रकाने करताना जे घडतं, तेच हे, फक्त आख्ख्या यंत्रगृहाएवढं. आणि एवढी ताकद असूनही ४०० मेगाहर्ट्झचे वाहिन्यांमध्ये तुकडे होतात ते १६,३८४ पर्यंत, प्रत्येकी सुमारे २४ किलोहर्ट्झचे. आकार निरीक्षणाच्या गरजेने ठरलेला आहे.

दुसरी हरकत अधिक खोल आहे: दहा लाखांची एफएफटी हवीच कशाला? लहान लहान अनेक करा आणि सरासरी घ्या, पीटर वेल्च यांनी १९६७मध्येच ते सांगून ठेवलं आहे. गोंगाटाची पातळी नीट मोजायची असेल तर मी हेच करेन. पण स्थिर, अरुंद सिग्नल शोधायचा असेल तर दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. १,०२४ वरून दहा लाखांवर गेल्यावर प्रत्येक बिनमधला गोंगाट ३० डेसिबलने खाली जातो आणि सूर जागेवर राहतो. तेवढाच काळ छोट्या एफएफटींची सरासरी घेतली तर फायदा त्याच्या साधारण निम्मा, १५ डेसिबल. मात्र ‘स्थिर’ या शब्दावर सगळं अवलंबून आहे. सेकंदाला २४ लाखांच्या वेगाने दहा लाख सॅम्पलं जमायला ०.४४ सेकंद लागतात, आणि बिन असते २.३ हर्ट्झची. ४३७ मेगाहर्ट्झवर बोलणारा, पाचशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रह डोक्यावरून जाताना त्याची वारंवारता सेकंदाला दीडशे हर्ट्झच्या आसपास सरकते. एवढ्या वेळात तो पंचवीस-तीस बिन ओलांडतो आणि कमावलेले डेसिबल त्यांत सांडून जातात. रेडिओचा ताल ठेवणाऱ्या स्फटिकाचंही तसंच. तो एकूण किती चुकतो याने सूर फक्त जागा बदलतो. पण नुकताच जोडलेला, तापत चाललेला स्फटिक त्या अर्ध्या सेकंदात सरकला तर सूर पसरतो. आणखी एक अट लोक विसरतात ती म्हणजे सलगपणा. मध्येच काही सॅम्पलं गळली तर सुराची कला (फेज) तिथे तुटते. हजाराच्या एफएफटीत एक तुकडा वाया गेला असता, दहा लाखांच्या एफएफटीत आख्खी खिडकी जाते. म्हणून यूएसबी वाचणारा थ्रेड आणि एफएफटी करणारा थ्रेड वेगळे ठेवण्याला मी एफएफटीच्या वेगापेक्षा जास्त महत्त्व देतो. अर्धा सेकंद शांत बसून मग एकदम काम अंगावर घेणारा हिशेब वाचणाऱ्या थ्रेडच्या वाटेत येता कामा नये.

आणि बऱ्याचदा सगळा पट्टा नकोच असतो. सिग्नल कुठल्या २० किलोहर्ट्झमध्ये आहे हे आधीच माहीत असतं. तेव्हा आधी त्याला शून्यावर सरकवावं, दोन-तीन टप्प्यांत गाळत २४ लाखांचा वेग शंभरपटीने उतरवावा आणि सेकंदाला उरलेल्या २४,००० सॅम्पलांची एफएफटी करावी. बिन तीच १ हर्ट्झची, खिडकी तीच एका सेकंदाची, सुराला मिळणारा फायदा तोच. आख्ख्या पट्ट्याचा शोध घेणाऱ्याला ही सोय नाही, त्याला चोवीस लाखांची ने-आण करावीच लागेल. बाकीच्यांचा डेटा १९२ किलोबाइटचा झालेला असतो, आणि तो रास्पबेरी पायच्या दुसऱ्या पातळीच्या कॅशमध्येही मावतो.